मनाचे आजार, मेंदूची वेगळी घडण आणि रोजचा ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाच्या खोलीत येणारी माणसं आधी विचारतात, "हे काय आहे?" पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा दडलेला असतो: "यात चूक कोणाची?" खालची उत्तरं दोन्ही प्रश्न मनात ठेवून लिहिली आहेत. स्वभाव, आळस, हट्ट किंवा संस्कार यांच्या नावावर खपवलेल्या कितीतरी गोष्टी खरं तर ओळखता येतात आणि त्यांच्यावर मदतही मिळते. ही ओळख उशिरा पटते, म्हणून माणसं वर्षानुवर्षं विनाकारण सोसत राहतात.

रोजचा ताण कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

मध्ये आखलेली रेघ नाही. तपासताना तीन गोष्टी पाहतात: त्रास किती दिवसांपासून आहे, किती तीव्र आहे आणि त्यापायी रोजच्या जगण्यात काय अडतंय. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप उडाली तर तो ताण. परीक्षा होऊन दोन महिने झाले, निकालही चांगला लागला, तरी रोज पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडत असेल, तर तपासून घ्यायला हवं. तिन्हींपैकी शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. "मला वाईट वाटतंय का?" यापेक्षा "मी काय काय करायचं सोडून दिलंय?" या प्रश्नाचं उत्तर जास्त खरं येतं. फोन उचलणं, आंघोळ, बिलं भरणं, मित्रांकडे जाणं. दुःख लपवता येतं, पण सुटत गेलेल्या गोष्टी घरात सगळ्यांना दिसतात.

आणि आपण एकटेच असे आहोत असं वाटत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज पाहा: जगात सुमारे ९७ कोटी लोक, म्हणजे आठातला एक माणूस, कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारासह जगत होता.

ताणामुळे शरीर का दुखतं?

धोका जाणवला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात, पचन मागे पडतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि शरीराला तयार ठेवतं. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात मांडलं होतं की इजा, थंडी, विष अशी कारणं वेगवेगळी असली तरी शरीराची प्रतिक्रिया एकाच साच्याची असते. धोका टळला की सगळं पूर्ववत व्हावं, अशी ही रचना आहे. अडचण अशी की कर्ज, नोकरीतली अनिश्चितता, घरातलं दीर्घ आजारपण हे 'टळत' नाहीत. यंत्रणा महिनोन्‌महिने चालू राहते. मग मान आखडते, पित्त वाढतं, डोकं दुखतं, सर्दी पाठ सोडत नाही, साध्या गोष्टी विसरायला होतात आणि मुलांवर उगाच ओरडलं जातं.

सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं, तर मी झोपेपासून सांगते. उठायची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. अपुऱ्या झोपेवर बाकी कुठलाही उपाय नीट लागू पडत नाही.

बर्नआउट हा आजार आहे का?

नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तो कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदला आहे. पार गळून जाणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. तो कामाच्या जागी तयार होतो, तेव्हा नुसता श्वसनाचा व्यायाम करून जाणार नाही. कामाचे तास, जबाबदारी आणि अधिकार यांचं गणित बदलावं लागतं. हेच रितेपण सुट्टीतही तसंच राहिलं, आवडत्या गोष्टींतही उतरलं, तर मात्र नैराश्य आहे का ते पाहायला हवं.

नैराश्य म्हणजे उदास वाटणंच ना?

उदासी हा त्याचा एक भाग, आणि प्रत्येकात तोही ठळक नसतो. निदानासाठी नऊ लक्षणांची यादी वापरतात: उदास मन, कशातच रस न उरणं, भूक किंवा वजनात बदल, झोप कमी किंवा जास्त होणं, हालचाली मंदावणं किंवा सतत अस्वस्थ चुळबुळ, थकवा, आपण नालायक किंवा अपराधी आहोत अशी भावना, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. यांतली किमान पाच लक्षणं, त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी, दोन आठवडे बहुतेक दिवसभर टिकली तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. मुलांमध्ये ते चिडचिडीच्या रूपात दिसतं. कित्येक पुरुष रडत नाहीत, तर तुसडे होतात किंवा दारूकडे वळतात. वयस्क माणसं म्हणतात, "अंग दुखतं, काही आठवत नाही."

औषध सुरू करण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची रक्ततपासणी करून घेणं शहाणपणाचं. यांच्या गडबडीतूनही असाच थकवा आणि उदासी येते.

सगळं व्यवस्थित आहे, मग नैराश्य का यावं?

हा प्रश्न आजारी माणूस स्वतःलाच रोज विचारतो आणि आणखी खचतो. घरात सुबत्ता आहे, जोडीदार समजूतदार आहे, म्हणून हृदयविकार होणार नाही असं आपण म्हणत नाही. आनुवंशिकता, बालपणातले आघात, संप्रेरकांतले बदल, एखादा दीर्घ आजार, एकटेपणा अशी अनेक कारणं एकत्र येतात. एखाद्याच्या बाबतीत मोठा धक्का असतो, दुसऱ्याच्या बाबतीत बोट ठेवावं असं काहीच सापडत नाही. "तुला काय कमी आहे?" हे वाक्य मात्र कृपा करून टाळा.

बाळंतपणानंतर रडू येतं, ते आपोआप जातं का?

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येणारं रडू आणि हळवेपण बहुतेक जणींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर स्तनपान चालू ठेवूनही उपचार होतात. हजारात एखाद-दोन जणींना याहून गंभीर आजार होतो: झोप पूर्ण उडते, बोलणं असंबद्ध होतं, बाळाविषयी विचित्र शंका येतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

छातीत धडधडतं, घाम फुटतो, मरतोय असं वाटतं, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल. म्हणजे हे मनाचे खेळ का?

पहिल्यांदा असं झालं की हृदयाची तपासणी करायचीच. ती स्वच्छ निघाली तर हा पॅनिक ॲटॅक असू शकतो. तो काही मिनिटांत, साधारण दहाच्या आत, कळस गाठतो आणि मग उतरतो. त्रास खरा असतो. धोक्याची यंत्रणा खरोखरच सुरू झालेली असते, फक्त समोर धोका नसतो.

आजार वाढतो तो पुढच्या पायरीवर. बसमध्ये ॲटॅक आला म्हणून बस सोडली. मग गर्दी सोडली, मग एकट्याने बाहेर पडणं सोडलं. प्रत्येक वेळी टाळल्यावर हायसं वाटतं आणि मेंदू शिकतो की टाळलं म्हणूनच वाचलो. त्यामुळे उपचारात टाळलेल्या गोष्टींकडे बेताबेताने परत जावं लागतं. ॲटॅक चालू असताना श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्या आणि शक्य असेल तर जागा सोडून पळू नका.

पुन्हा पुन्हा कुलूप तपासणं ही नुसती सवय असते का?

रात्री दार लावलं, कुलूप ओढून पाहिलं. आडवं झाल्यावर मनात येतं, नीट लागलं असेल ना? लावल्याचं आठवतं, पण खात्री वाटत नाही. उठून चार वेळा ओढायचं. मध्येच कोणी हाक मारली तर पुन्हा एकपासून. अर्धा तास जातो. शेवटी बायकोला विचारायचं, "मी लावलं ना गं?" ती म्हणते, "हो, लावलंत." दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग शंका येते, तिने तरी नीट पाहिलं असेल का?

याला मंत्रचळ किंवा ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार घुसतो, त्याने जीव घाबरतो आणि घाबरणं शमवायला एखादी कृती करावीच लागते. दिवसातला तासाहून अधिक वेळ यात जात असेल तर उपचार हवेतच. प्रत्येकाचा मंत्रचळ हात धुण्याचा नसतो. काहींना आपण बाळाला इजा करू, देवळात अपशब्द बोलू असे विचार छळतात आणि लाजेपोटी ते वर्षानुवर्षं कोणालाच सांगत नाहीत. अशा विचारांची त्यांना किळस येते, भीती वाटते. मनातून तसं करायची त्यांची इच्छा नसते.

घरच्यांसाठी एक अवघड गोष्ट: दर वेळी "हो, लावलंय" म्हणून धीर दिल्याने मंत्रचळाला खतपाणी मिळतं. तरी हे एका रात्रीत बंद करू नका. तज्ज्ञाच्या सल्ल्याने, त्या माणसाला आधी विश्वासात घेऊन, हळूहळू कमी करा.

सकाळी हसणं, दुपारी चिडणं, म्हणजे बायपोलर का?

बहुधा नाही. बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे काळ येत राहणारा आजार. त्यातले चढउतार तासांचे नसतात, दिवसांचे आणि आठवड्यांचे असतात. उन्मादाच्या काळात माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, अखंड बोलतो, भराभर बेत आखतो, पैसे उधळतो. त्याला स्वतःला तेव्हा छान वाटत असतं, म्हणून तो डॉक्टरकडे जातो तो उतार लागल्यावर, नैराश्यात. तिथे पूर्वीचा 'तेजीचा' काळ आवर्जून सांगायला हवा. तो न कळल्याने नुसती नैराश्याची गोळी दिली गेली तर उन्माद उसळू शकतो. लिथियमचा मनःस्थितीवरचा उपयोग १९४९ साली जॉन केड यांनी दाखवला. आजही ते या आजारावरचं भरवशाचं औषध आहे, मात्र त्याची रक्तातली पातळी नियमित तपासावी लागते.

स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं असणं?

नाही, हा समज पुसायलाच हवा. या आजारात कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट चाललाय अशी पक्की खात्री वाटते, विचारांची साखळी तुटते आणि हळूहळू बोलणं, उत्साह, स्वतःची निगा कमी होत जाते. बहुतेकांना तो ऐन उमेदीत, विशीच्या आगेमागे सुरू होतो. साधारण तीनशेतल्या एका माणसाला तो होतो. अशी माणसं हिंसकच असतात हेही खरं नाही. त्यांच्यावरच अत्याचार होण्याचा धोका अधिक असतो.

घरात वाद घालू नका, आणि हो ला हो पण लावू नका. "मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला येतोय आणि तू घाबरला आहेस, हे मला दिसतंय." एवढं पुरतं. उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकं पुढचं शिक्षण, नोकरी, नाती टिकण्याची शक्यता जास्त. लोक काय म्हणतील या धाकाने घालवलेली वर्षं फार महाग पडतात.

ऑटिझम, एडीएचडी हे मानसिक आजार आहेत का?

या मेंदूच्या विकासाशी निगडित स्थिती आहेत. ऑटिझममध्ये इतरांशी संवाद साधणं वेगळ्या पद्धतीने होतं, एडीएचडीत लक्ष आणि चंचलता आवरणं जड जातं. नैराश्य एखाद्या वयात येतं आणि जाऊ शकतं. मेंदूची ही घडण लहानपणापासून असते आणि आयुष्यभर सोबत राहते. तेव्हा 'बरं करणं' हे उद्दिष्टच चुकीचं. शिकवायची पद्धत, घर, शाळा, काम यांची सांगड त्या व्यक्तीशी घालणं आणि जे जड जातं त्याची कौशल्यं शिकवणं, हे खरं काम.

ऑटिझम लवकर कसा ओळखायचा? तो लशींमुळे होतो का?

वर्षाचं झाल्यावरही हाक मारली तर वळून न पाहणं, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून "ते बघ" असं न सुचवणं, नजरेला नजर क्वचितच देणं, गाडीशी खेळण्याऐवजी तासभर तिचं चाकच फिरवत बसणं, मिक्सरच्या आवाजाने कानांवर हात ठेवून किंचाळणं. यांतल्या एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, पण तीन-चार दिसत असतील तर आधी श्रवणचाचणी आणि मग विकासतज्ज्ञ. येत असलेले शब्द मूल विसरू लागलं तर अजिबात थांबू नका. "आमच्यात मुलं उशिराच बोलतात" या वाक्यात किती मुलांची मोलाची वर्षं गेली आहेत! वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिला जाणारा सराव) निदानाच्या कागदाआधीही सुरू करता येतात.

लशींचा संबंध नाही. ही शंका पसरवणारा निबंध १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला तो अवघ्या १२ मुलांवरचा होता. २०१० साली तो मागे घेण्यात आला आणि त्याचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१९ साली निष्कर्ष आले, आणि गोवर-गालगुंड-रुबेला लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही.

आईच्या कोरडेपणामुळे ऑटिझम होतो, असंही एकेकाळी मोठमोठे तज्ज्ञ सांगत. १९७७ साली झालेल्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला आणि तो आरोप निराधार ठरला. तरी आजही आया हा आरोप ऐकतात. तो खोटा आहे, इतकंच त्यांना ठामपणे सांगावंसं वाटतं.

एडीएचडी असेल तर मूल गेम तीन तास कसं खेळतं?

एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिकडे वळवता येत नाही. गेममध्ये दर काही सेकंदांनी नवं काही घडतं आणि बक्षीस लगेच मिळतं. गणिताच्या वहीत तसं नसतं. नऊ वर्षांची मुलगी गृहपाठाला बसते. पहिलं गणित बरोबर. दुसऱ्यात हातचा विसरते, कारण खिडकीबाहेर मांजर दिसलं. पेन्सिलीला टोक करायला उठते, वाटेत बहिणीची चित्रकलेची वही सापडते, टोक तसंच राहतं. पाऊण तासाने आई येते, वहीत दीड गणित. "मुद्दाम करतेस ना?" मुलगी रडते, कारण तिलाही कळत नाही की काय झालं.

दहा मिनिटांचे तुकडे, एका वेळी एकच सूचना, डोळ्यांसमोर मोठं घड्याळ, झालेल्या कामाची लगेच दखल, यांनी फरक पडतो. गरज असेल तिथे औषधंही चांगली लागू पडतात. निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. फक्त एकाच बाईंच्या तासाला मूल अस्वस्थ असेल तर कारण दुसरं असू शकतं. शांत बसून स्वप्नात हरवणाऱ्या मुलींकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही.

हुशार मूल वाचनात अडखळतं, ते का?

डिस्लेक्सिया असू शकतो. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. आवाज आणि अक्षर यांची जोडी जुळवणं मेंदूला जड जातं. आधी डोळे आणि कान तपासा, मग शैक्षणिक चाचणी करून घ्या. "दहा वेळा लिही" ही शिक्षा इथे निरुपयोगी आहे. ध्वनी आणि अक्षरं पद्धतशीर, पायरीपायरीने शिकवणं आणि परीक्षेत जादा वेळ देणं, हे उपयोगी.

चाळिशीत कळलं की आपण असे आहोत, तर आता काय उपयोग?

पुष्कळ. अनेकांना मुलाचं निदान होताना स्वतःचं बालपण ओळखीचं वाटू लागतं. विशेषतः बायका लहानपणापासून इतरांचं पाहून वागणं बेतत आलेल्या असतात आणि त्यापायी थकून जातात. उशिरा झालेल्या निदानाने नोकरीत काय मागायचं, कशाला नाही म्हणायचं, हे ठरवता येतं. नैराश्य आणि चिंतेचे उपचार वारंवार फसत असतील तर मुळाशी हे आहे का, हेही पाहिलं जातं. एकाच माणसात दोन-तीन गोष्टी असणं अगदी नेहमीचं. ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र करायला अमेरिकन निदानपुस्तिकेने २०१३ सालीच मुभा दिली. त्याआधीच्या पिढीची निदानं अपुरी राहिली यात नवल नाही.

इंटरनेटवरची चाचणी चालेल का?

तज्ज्ञाकडे जायचं की नाही हे ठरवायला चालेल. निदान म्हणून नाही.

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, यांत कोणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. समुपदेशक नातेसंबंध, शोक, निर्णय, ताण यांवर काम करतात. भास, उन्माद, मरणाचे विचार किंवा खाणंपिणं सुटलेलं असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. एरवी कुठूनही सुरुवात करा, चांगला तज्ज्ञ योग्य ठिकाणी पाठवतो. ज्याच्याकडे जाल त्याचं शिक्षण आणि नोंदणी विचारा. विचारल्यावर जो रागावतो त्याच्याकडे जाऊ नका.

गोळ्यांची सवय लागते का?

'गोळ्या' म्हणून सगळ्या एकाच पारड्यात घालू नयेत. झोपेच्या आणि झटपट शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय खरोखर लागते, म्हणून त्या थोडे दिवस आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही. मात्र अचानक बंद केल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने थांबवतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि मळमळीसारखा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. नेमक्या याच काळात कित्येक जण औषध सोडतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवा. अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवा. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो.

समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पाच ना? त्या मैत्रिणीशीही होतात.

मैत्रीण हवीच. पण उपचाराला रचना असते. १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी मांडलेल्या पद्धतीत आपोआप येणारे विचार लिहून काढतात, पुराव्यांवर घासून पाहतात आणि दोन भेटींच्या मध्ये घरी करायला काम देतात. मंत्रचळात ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जाऊन कृती रोखण्याचा सराव असतो. यात कष्ट आहेत, कधी भेटीनंतर दोन दिवस जड जातात.

आत्महत्येविषयी थेट विचारलं तर तो विचार डोक्यात भरेल का?

नाही. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट कोणीतरी दार उघडल्यासारखं वाटून माणूस बोलू लागतो. "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" असं सरळ, शांत आवाजात विचारा. उत्तर हो आलं तर प्रवचन देऊ नका, धक्का बसल्याचं दाखवू नका, आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. औषधांचा साठा, कीटकनाशकं, इजा करता येईल असं जे काही असेल ते हाताबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी तज्ज्ञ, आपत्कालीन सेवा किंवा हेल्पलाइन गाठा. ही तीव्र लाट अनेकदा थोडाच काळ टिकते. तेवढा वेळ सोबत असणं आणि साधन दूर असणं यानेच जीव वाचतात.

आणि हे वाचणाऱ्या तुमच्याच मनात असे विचार येत असतील, तर आत्ता ज्याला सर्वांत सहज फोन करू शकाल त्याला करा. "मला बरं वाटत नाहीये, माझ्याजवळ ये." कारण समजावून सांगत बसायची गरज नाही.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यायचं?

एका कागदावर लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, झोप आणि भूक कशी आहे, काय करणं सुटलंय, घरात आधी कोणाला असं झालंय का, सध्या कोणती औषधं चालू आहेत. दारू, तंबाखू किंवा इतर काही घेत असाल तर तेही मोकळेपणाने सांगा. उपचार त्यावर अवलंबून असतात. तुम्ही सांगितलेलं गोपनीय राहतं, अपवाद तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हाचा. मुलाला नेत असाल तर शाळेच्या वह्या आणि लहानपणीचे दोन-तीन मोबाइल व्हिडिओ सोबत ठेवा, तोंडी वर्णनापेक्षा त्यांतून जास्त कळतं. निदान पहिल्याच भेटीत होईल असं नाही. दोन-तीन भेटींनंतरही त्या तज्ज्ञाशी जुळलं नाही, तर दुसऱ्याकडे जायला संकोच करू नका. मात्र चालू औषधं मध्येच थांबवू नका आणि जुनी चिठ्ठी बरोबर न्या.